रिकाम्या फटींचा कर्ता कोण?

हंगेरीचे गणितज्ञ आल्फ्रेड रेनी यांनी 1958 मध्ये एक प्रश्न सोडवला. लांबलचक रस्त्याच्या कडेला सारख्या लांबीच्या गाड्या मावतील तिथे, कशाही लागत गेल्या आणि एकदा लावलेली गाडी कुणी हलवली नाही, तर अखेरीस किती जागा भरेल? सुमारे 74.76 टक्के. पाव भागाहून थोडी जास्तच जागा वाया जाते, आणि त्यात आडमुठेपणा कुणाचाच नसतो. फक्त दोन गाड्यांच्या लांबीचा तुकडा घेतला तर हे स्पष्ट दिसतं. पहिली गाडी अगदी टोकाला चिकटून लागण्याची शक्यता शून्य, त्यामुळे दोन्हीकडे फटी राहतात. त्यांची बेरीज बरोबर एका गाडीएवढी, तरी दुसरी गाडी तिथे कधीच मावत नाही.

जगातल्या उणिवांचा दोष कुणाचा, हा प्रश्न मात्र जुना आहे. ब्रह्मसूत्रांत ईश्वरावर पक्षपात आणि निर्दयपणा असे दोन आक्षेप घेतले आहेत. उत्तर असं, की तो जीवांच्या कर्मानुसारच फळ देतो. म्हणजे प्रत्येक उणिवेमागे कुणाचं तरी खातं आहे. मला हे गृहीतकच कच्चं वाटतं. रसायनशास्त्रज्ञ पॉल फ्लोरी यांनी 1939 मध्ये पॉलिमरच्या साखळीत हाच हिशेब मांडला होता: शेजारचे अणुगट कसेही, पण कायमचे जोडीजोडीने बांधले जात असतील, तर सुमारे 13.5 टक्के गट जोडीदाराविना उरतात. त्या गटांना पूर्वजन्म नाही, तरी उणीव ठरलेलीच.

यावर कुणी म्हणेल, फटीशेजारी कोण अडकलं, उशिरा कोण आलं, हे तरी कर्माने ठरत असेल. असेलही. पण त्यातून उणीव कुणाच्या वाट्याला आली एवढंच कळतं, ती मुळात का आहे हे नाही. गाड्यांची नावं हवी तशी बदला, पाव भाग रिकामाच. त्याहून जड आक्षेप असा, की गाडी हलवायची नाही हा नियम तरी कुणी केला? गाड्या सरकवता आल्या असत्या तर फटी बुजल्या असत्या, हे खरंच. म्हणजे नियमाचा जाब ईश्वराला विचारता येतो, गाडीवाल्याला नाही. नियम तोच ठेवून लहानमोठ्या गाड्या मिसळल्या तर लहान गाड्या फटींत शिरून थोडी भर घालतात. मात्र एका टप्प्यानंतर मोठ्या गाडीला जागा उरत नाही, लहानीला मिळत राहते. तेव्हा आलेल्या मोठ्या गाडीने काय पाप केलं होतं, असं विचारण्यात अर्थ नाही. ती फक्त मोठी होती आणि नंतर आली होती.