राहुलाची प्रव्रज्या आणि आईबापांचा हक्क

मुलाच्या कल्याणासाठी मूल आईबापांपासून काढून घेण्याचा अधिकार शासनाला असावा काय? आणि असल्यास, त्या वेळी आईबापांपाशी कोणता हक्क उरतो? हा प्रश्न वकिलांच्या पुस्तकातला वाटतो, पण तो गरिबाच्या दारातला आहे. बंगल्यातल्या मुलाची चौकशी करायला सहसा कोणी येत नाही. शहागंजच्या बाजारात आईच्या हातगाडीखाली गोणपाटावर झोपलेले मूल मात्र कोणाच्याही नजरेत भरते. बाल न्याय कायद्यात ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ अशी एक व्याख्या आहे. रस्त्यावर राहणारे, भीक मागणारे, कायदा मोडून कामाला लावलेले मूल तीत येते. यातली प्रत्येक गोष्ट मुलाच्या हालाची खूण आहे, तशीच ती आईबापांच्या दारिद्र्याचीही खूण आहे. दारिद्र्याला अपराध समजण्याची सवय या देशाला जुनी आहे. म्हणून या प्रश्नाचा विचार धम्माच्या अंगाने झाला पाहिजे.

आपल्याच मुलखातले एक उदाहरण घ्या. ३० मे २०२३ रोजी बिहारहून पुण्याकडे येणाऱ्या गाडीतून भुसावळ आणि मनमाड या स्थानकांवर ५९ मुले उतरवून घेण्यात आली. ही गरीब मुसलमान घरांतली मुले मदरशात शिकण्यासाठी सांगलीकडे निघाली होती. मुलांची तस्करी होत असल्याचा संशय आला. बरोबरच्या पाच जणांवर गुन्हे दाखल होऊन ते सुमारे चार आठवडे तुरुंगात राहिले. मुले बारा दिवस घरापासून दूर बालगृहांत राहिली. पुढे २०२४ मध्ये रेल्वे पोलिसांनीच ही प्रकरणे गैरसमजातून दाखल झाल्याचे सांगून बंद केली.

मुलांची तस्करी होते, हे खोटे नाही. गाडी थांबवून चौकशी करणे हाही दोष नाही. प्रश्न एवढाच आहे की ज्यांनी ही मुले शिकायला पाठविली, त्या आईबापांचा शब्द किती दिवसांनी ऐकला गेला आणि त्याला वजन किती मिळाले? दया आधी आली आणि चौकशी मागून आली. मधल्या काळात शिक्षा मात्र मुलांनी भोगली. मुसलमानाचे मूल म्हणून हा प्रश्न आपला नाही असे जो म्हणेल, त्याने बंधुता हा शब्द उच्चारू नये.

आता विनयातील एक प्रसंग पाहा. भगवान बुद्ध कपिलवस्तूला आले असता आईच्या सांगण्यावरून बालक राहुल त्यांच्या मागे गेला आणि आपला वारसा मागू लागला. भगवंतांनी सारिपुत्ताला सांगून त्याला प्रव्रज्या दिली. हे कळताच शुद्धोदन तथागतांकडे आला. पुत्र गेला, मग नंद गेला, आता नातूही गेला. पुत्रप्रेमाची वेदना कातडी, मांस आणि हाड भेदून मज्जेपर्यंत जाते, असे सांगून त्या वृद्धाने मागणे केले की यापुढे आईबापांच्या अनुज्ञेवाचून कोणाही मुलाला प्रव्रज्या देऊ नये. भगवंतांनी ते मान्य केले आणि संघासाठी तसा नियम घालून दिला.

या प्रसंगाचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. राहुलाला कोणी वाईट जागी नेले नव्हते. जगातील सर्वात श्रेष्ठ संघात, जगातील सर्वात श्रेष्ठ गुरूपाशी तो गेला होता. मुलाचे हित यापेक्षा अधिक कोणते? तरीही भगवंतांनी ‘मी मुलाचे हित जाणतो, तुला विचारण्याचे कारण काय?’ असे शुद्धोदनाला म्हटले नाही. त्यांनी त्याचे दुःख प्रमाण मानले आणि आपल्याच संघाच्या अधिकाराला मर्यादा घातली. हेतू शुद्ध असला तरी अधिकाराने नियम पाळला पाहिजे आणि ज्याचे काळीज तुटते त्याला विचारले पाहिजे, हा तो धडा आहे. बाबासाहेबांनी संविधान-नैतिकता म्हणून जे सांगितले, त्याचे बीज मला येथे दिसते.

यावर कोणी म्हणेल, मग आईबाप मुलाचे मालक काय? मुळीच नाही. वेस्संतर जातकात राजपुत्र आपली दोन्ही मुले दान म्हणून देऊन टाकतो, तीही आई घरी नसताना. मिलिंद राजाने याच दानाविषयी नागसेनाला अडविले होते. मुलांना रडविणारे दान पुण्य कसे? ज्या शहरात बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय उभारले, तेथील माणसाला हा प्रश्न अजून टोचला पाहिजे. खंडोबाला मुलगी मुरळी म्हणून वाहणारा बाप वेस्संतराचीच चूक करीत होता. तेराव्या वर्षी मुलीला बोहल्यावर उभी करणारा, दारू पिऊन पोराला पट्ट्याने मारणारा बाप आजही तीच करतो. तेथे शासनाने दार ठोठावलेच पाहिजे. सिगालोवाद सुत्तात आईबापांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. मुलाला पापापासून दूर ठेवणे हे पहिले, विद्या-शिल्प शिकविणे हे त्यांतलेच एक. आईबापांचा हक्क या कर्तव्यातून येतो, मालकीतून नव्हे.

पण शासनाच्या हाती मूल देताना इतिहासही आठवावा. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारवसाहतीत ठेवण्याची मुभा सरकारला मिळाली. कारण काय, तर मुले सुधारावीत! जन्मालाच गुन्हा ठरविणारा हा कायदा १९५२ साली रद्द झाला. मुलाच्या भल्याचे नाव घेऊन एका जमातीचा वंशच अपराधी ठरविता येतो, हे त्याने दाखवून दिले.

आजचा कायदा तसा नाही. म्हणूनच तो आपल्या माणसांना माहीत हवा. बाल न्याय अधिनियम २०१५ सालचा आहे. मूल ताब्यात घेतल्यापासून प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत ते बालकल्याण समितीपुढे आणलेच पाहिजे. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत निदान एक स्त्री असते. सामाजिक तपासणी पंधरा दिवसांत आणि अंतिम निर्णय चार महिन्यांत व्हावा, असे कायदा सांगतो. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय आहे आणि लवकरात लवकर कुटुंबात परतणे हा मुलाचा हक्क आहे, ही त्यातील तत्त्वे आहेत. ज्याच्याविषयी निर्णय होतो त्याला आपली बाजू मांडू देणे, हेही त्यात लिहिले आहे. आईने मूल समितीच्या स्वाधीन करण्याच्या कागदावर अंगठा दिला, तरी फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. आदेश मान्य नसेल तर तीस दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येते. पालकत्व-संगोपन आणि प्रायोजकत्वाच्या आदेशांवरचे अपील जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे जाते. मूल बेकायदा अडकविले असेल तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पसचा अर्ज करता येतो.

संविधानात ‘आईबापांचा हक्क’ असे शब्द नाहीत. पण अनुच्छेद २१ आहे. रीतसर आणि न्याय्य पद्धतीवाचून कोणाचे स्वातंत्र्य हिरावता येत नाही. कौटुंबिक जीवनाचे खाजगीपण त्याच अनुच्छेदात येते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली सांगितले. वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसण्याचेही कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्री, बालक आणि अनुसूचित जातीची व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो. १९९० पासून बौद्धही त्या अनुसूचित जातींत आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे एक अर्ज पुरतो.

आम्हा शिक्षकांवर येथे मोठी जबाबदारी आहे. वर्गातून गळालेले पोर पहिल्यांदा आमच्या हजेरीपटात दिसते. त्याची खबर द्यावी, जरूर द्यावी. पण त्याआधी त्याच्या घरी जावे. पोर घरी का बसले, हे आईला विचारावे. उत्तर दारिद्र्य असेल तर बालसंगोपन योजनेचा अर्ज भरून द्यावा. एकल किंवा संकटातल्या पालकाच्या मुलाला महिना २२५० रुपये देण्याची ती योजना आहे. संस्थेत मूल पोसायला जर शासनापाशी पैसा आहे, तर आईच्या मांडीवर पोसायला का नसावा?

आणि विहारांनी एवढे करावे. वस्तीतल्या एखाद्या आईला समितीपुढे बोलावणे आले, तर तिला एकटी जाऊ देऊ नये. वाचता येणारा एक उपासक, बोलता येणारी एक उपासिका तिच्याबरोबर जावी. कागद वाचून दाखवावा, मगच अंगठा उठू द्यावा. शुद्धोदन राजा होता, म्हणून तो सरळ तथागतांपुढे जाऊन बोलू शकला. आपल्या वस्तीतली आई राजा नाही. तिचा शब्द समितीपर्यंत पोहोचविणे हे आपले काम आहे.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!