कितीला पडलं?

सॉल्ट लेकमध्ये बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत. सीके, बीडी, एफई अशी ब्लॉकची दोन अक्षरं, घराचा नंबर आणि रिक्षावाल्यासाठी जवळच्या पाण्याच्या टाकीचा आकडा, एवढ्यावर भागतं. खाऱ्या दलदलीत हुगळीचा गाळ भरून १९६० च्या दशकात उभं राहू लागलेलं हे नगर. इथं राहून मलाही माणसांना दोन अक्षरांत बसवायची सवय लागली असावी.

शेजारच्या मेशोमोशायचं मी ठेवलेलं नाव होतं ‘कोतो निलो’. मी मासळी घेऊन आले की ते फाटकातून विचारत, “कोतो निलो?” किती घेतले? आकडा सांगितला की डोळे मिटून, मान हलवून निकाल देत, “ठोकियेछे.” फसवलं तुम्हाला. पार्शे असो, इलिश असो, वीस वर्षांत मी एकदाही न फसता घरी आले नाही. एकदा मी किंमत मुद्दाम निम्मी सांगितली. ते म्हणाले, “मग शिळा असणार.”

गणपतीत आमच्या मराठी मंडळींसमोर मी त्यांची नक्कल करायचे. मान हलवण्यापर्यंत आले की हमखास हशा.

थिओफ्रास्टस या ग्रीक गृहस्थानं सव्वादोन हजार वर्षांहून आधी असे तीस नमुने लिहून ठेवले. त्यातल्या कंजूष माणसाच्या बायकोच्या हातून एक चिल्लर नाणं पडतं, तर हा पलंग-पेट्या हलवून घर उलथंपालथं करतो. पण त्या कंजुषाला नाव नाही, पत्ता नाही. तो दुसऱ्या दिवशी फाटकात भेटत नाही. पु. ल. देशपांड्यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातला अंतू बर्वा आपल्याला भरपूर हसवतो, मात्र लेखक हसू ओसरल्यावरही त्याच्या अंगणातून उठत नाही. मी टाळ्या घेऊन उठत होते. शिवाय माझा अभ्यास किती? रोज फाटकातली दोन मिनिटं. उरलेला दिवस तो माणूस कोण होता, हे मी कधी विचारलंच नाही. (विचारलं असतं तर नक्कल बिघडली असती, हेही खरं.)

गेल्या गणपतीत मीच त्यांना आरतीला नेलं. आमच्यातल्या एका उत्साही काकूंनी त्यांना पाहताच हिंदीत विचारलं, “अरे, कोतो निलो आप ही हैं क्या?” आणि मानही हलवली, अगदी माझ्यासारखी. मेशोमोशाय हसले. प्रसाद घेतला. परतताना टॅक्सीत म्हणाले, “मोदक छान होते, बौमा.” किंमत विचारली नाही.

माफी मागायला गेले, तर त्यांनी चहा पाजला आणि विषय पावसावर नेला. आता फाटकात दिसले की नमस्कार करतात, पिशवीकडे पाहत नाहीत. परवा मीच थांबून म्हटलं, “पार्शे आणलेत, सहाशे रुपये किलो.” त्यांनी मान हलवायला सुरुवात केली, मग मध्येच थांबवली.

“भालो,” म्हणाले. “भालो पेयेछेन.”

चांगले मिळाले. मासे खरंच महाग होते.