तिसऱ्या मुलाचा आग्रह आणि पहिल्या दोघांमधलं अंतर

जननदर २.१ च्या खाली गेला की समाज नष्ट होतो, म्हणून मुलं दोनपेक्षा जास्त, म्हणजे तीन हवीत, असं सरसंघचालक मोहन भागवत १ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरातल्या एका कुलसंमेलनात म्हणाले. त्याआधी ऑक्टोबरात आंध्रचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनी, दोनपेक्षा जास्त मुलं असणाऱ्यांनाच स्थानिक निवडणूक लढवता येईल असा कायदा करण्याची भाषा केली होती. एक उपदेशक आजन्म अविवाहित प्रचारक, दुसऱ्याला एकुलता एक मुलगा. असो.

आपल्याकडची गंमत वेगळीच. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेल्या व्यक्तीला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. म्हणजे नागपुरातला उपदेश मनावर घेणारी बाई नागपूर जिल्ह्यातल्याच ग्रामपंचायतीत उमेदवारी अर्ज भरायला अपात्र. एकाच पोटावर दोन वटहुकूम!

दोन्ही पक्ष डोकी मोजतात. पण डोक्यांचा प्रश्न इथल्या बायकांनी केव्हाच निकालात काढला आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) राज्याचा जननदर १.७ निघाला. सुटलेला नाही तो दोन मुलांमधल्या अंतराचा प्रश्न. एका बाळंतपणानंतर निदान चोवीस महिने तरी पुन्हा दिवस राहू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गर्भारपण आणि अंगावर पाजणं यांत गेलेलं लोह, कॅल्शियम शरीराला भरून काढायचं असतं. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. मांडीवर एक आणि पोटात एक अशी बाई आपण सगळ्यांनी पाहिली आहे, आणि 'बरं झालं, एकदमच मोठी होतील' असं म्हणून पुढे गेलो आहोत.

या विषयावर मराठीत लिहायचं तर र. धों. कर्व्यांना टाळता येत नाही, आणि मला टाळायचंही नाही. हल्ली त्यांना आदरांजल्या फार वाहिल्या जातात. या माणसाला आदरांजलीचा तिटकारा आला असता. गणिताचे प्राध्यापक, १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, १९२३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, १९२५ मध्ये या कामापायी विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. १९२७ च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत जवळजवळ एकट्याच्या बळावर चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. स्वतः कर्वे आणि मालतीबाई यांनी मूल होऊ दिलं नाही.

लोकसंख्येचं संकट कर्व्यांच्या लेखी दुय्यम होतं. देशावर उपकार म्हणून मुलं कमी करा, हा सरकारी सूर त्यांचा नव्हेच. शरीरसुख वेगळं, संतती वेगळी. सुखावर बाईचाही हक्क आहे आणि संतती केव्हा हवी हे तिने ठरवावं. त्यासाठी लागणारं ज्ञान आणि साधन तिच्या हाती द्या, की झालं. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण भिंतीवर रंगवणाऱ्यांनी पुढे कर्व्यांचं साधन उचललं आणि सुख व हक्क या दोन गोष्टी गाळल्या. आणीबाणीत त्या गाळण्याचा परिणाम उत्तर भारतातल्या पुरुषांनी भोगला. महाराष्ट्रानेही १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्या कायद्यातून आपण वाचलो. पुरोगामी महाराष्ट्राच्या गौरवलेखांत हे विधेयक सापडायचं नाही.

कर्व्यांच्या समोरच्या बाजूला गांधी. संततिनियमनाच्या अमेरिकन पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्याला येऊन त्यांच्याशी वाद घालून गेल्या. गांधींचं उत्तर ठरलेलं: कृत्रिम साधनं नकोत, संयम पाळा. कर्वेपंथी माणसाला या उत्तराची थट्टा करणं फार सोपं जातं, आणि ती रास्तही आहे. ब्रह्मचर्याच्या भरवशावर पाळणा लांबवायला निघालेल्या देशात पाळणे किती हलले, हे सांगायला नको.

पण आता पुढचं पाहू. आज ज्ञान आहे, साधन आहे, तेही फुकट. निरोध आहे, तांबी आहे, गोळ्या आहेत, 'अंतरा' नावाचं तीन महिन्यांचं इंजेक्शन आहे, आशाताई दारात येऊन सांगतात. लग्नानंतर पहिलं मूल लांबवलं किंवा दोन मुलांत तीन वर्षांचं अंतर राखलं गेलं, तर आशांना पाचशे रुपये देण्याचीही योजना निघाली. सातारा जिल्हा परिषदेने तर २००७ मध्ये दाम्पत्यालाच बक्षीस लावलं: पहिलं मूल दोन वर्षं थांबवलं तर पाच हजार, तीन वर्षं थांबवलं तर साडेसात हजार. कर्व्यांच्या हिशेबाने प्रश्न संपायला हवा होता. तरी महाराष्ट्रात निम्म्या विवाहित बायकांचं कुटुंबनियोजन म्हणजे ऑपरेशन. देशभराचा विचार केला तर ते सरासरी पंचविशीच्या आसपास उरकलेलं असतं. तांबी आणि गोळ्या वापरणाऱ्या दोन-दोन टक्केही नाहीत. दोन मुलं पाठोपाठ, मग ऑपरेशन, विषय संपला.

यावर आरोग्य खात्यातली मंडळी 'अज्ञान' आणि 'गैरसमज' म्हणतात. मला यात पक्का व्यवहार दिसतो. निरोधासाठी नवऱ्याची संमती रोज रात्री नव्याने मिळवावी लागते. गोळीची पट्टी सासूच्या नजरेपासून लपवावी लागते. तांबीने पाळीत अंगावरून जास्त गेलं की घरात चौकशी. ऑपरेशनला संमती एकदाच लागते, आणि दोन मुलं, त्यातला निदान एक मुलगा, एवढं भांडवल जमलं की ती मिळतेही. पहिली मुलगी असेल तर दुसऱ्याची घाई अधिक. ज्या साताऱ्यात पाळणा लांबवायला बक्षीस होतं, त्याच साताऱ्यात २०११ मध्ये 'नकोशी' नाव असलेल्या २८५ मुलींची नावं समारंभाने बदलावी लागली.

इथे मला, काहीसं नाइलाजाने, वर्ध्याकडे वळावं लागतं. सँगरबाईंशी बोलताना बायकांनी नवऱ्याला नकार द्यायला शिकलं पाहिजे, असंही गांधी म्हणाले होते. त्यांचा उपाय मला आजही मान्य नाही. पण बाईला 'आज नको' म्हणता येतं का, हा प्रश्न कर्व्यांच्या दवाखान्यात सुटणारा नव्हता. कर्व्यांनी नवरा-बायकोच्या खोलीत दोनच माणसं धरली होती आणि दोघंही त्यांच्यासारखीच तर्कशुद्ध.

प्रत्यक्षात त्या खोलीत मुकादमही असतो. मराठवाड्यातल्या ऊसतोड मजुरांत नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून आगाऊ उचल त्या जोडीवर मिळते, एकट्याला अर्धा कोयता. म्हणून लग्नं लवकर लावली जातात, आणि बाळंतपण हंगामाबाहेर बसवायची कसरत चालते. गरोदर असो वा ओली बाळंतीण, खाडा झाला की पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यातल्या खाजगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्याचं २०१९ मध्ये विधिमंडळात सांगण्यात आलं. त्या सगळ्या ऊसतोडणीच्या नव्हत्या, हे मान्य. तरी एकदाचं उरकून टाकण्याची गरज माणसाला कुठवर नेते, ते त्यातून दिसतं. या बाईला अंतराचं महत्त्व पटवणारं पत्रक छापणं ही थट्टा आहे. तिची मजुरी तिच्या एकटीच्या नावावर, पूर्ण कोयत्याच्या दराने लागली, तर ती पत्रक न वाचताही थांबेल.

आणि पुरुष? त्याची नसबंदी बिनटाक्याची, अर्ध्या तासाच्या आतली. त्याच दिवशी तो घरी जातो. महाराष्ट्रात तिचं प्रमाण ०.४ टक्के आहे. त्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे ३५ टक्के पुरुषांनी सांगितलं की गर्भनिरोधन हे बायकांचं काम, पुरुषाने त्याची काळजी करायचं कारण नाही. कर्व्यांच्या केंद्राला शंभरी उलटून गेल्यावरचं हे मत.

तीन मुलं हवीत म्हणणाऱ्यांशी माझं भांडण संख्येवरून नाही. ज्या बाईला तीन हवी असतील तिने तीन जन्माला घालावीत. तिच्या आड येणारा २००१ चा नियमही खुशाल रद्द करावा. मात्र पुढच्या संमेलनात, पहिल्या रांगेतल्या पुरुषांकडे पाहून, एवढं वाक्य जोडावं: दोन मुलांत तीन वर्षांचं अंतर राहील आणि ते राखायची जबाबदारी नवऱ्याची.