तार न कापता

गाडी सावलीत उभी करा. ऊन उतरू द्या. आज एवढंच करायचं आहे : पुढच्या दोन दारांतले कंपनीचे स्पीकर काढून नवे बसवायचे आणि कंपनीने टाकलेली तार आहे तशी ठेवायची. कुठेही कटर चालवायचा नाही. एवढं ठरवून बसा.

हत्यारं काढण्याआधी थोडं ऐका. ज्याची जागा न् जागा तुम्हाला पाठ आहे असं एखादं गाणं लावा. दारं बंद, इंजिन बंद. तबल्याचा डग्गा कुठून येतो आहे? गाणारा तुमच्या समोर बसला आहे, की एखाद्या दाराकडे सरकला आहे? हे लक्षात ठेवा. संध्याकाळी ताडून पाहण्यासाठी तुमच्याजवळ हीच एक नोंद असेल.

आता गाणं बंद. किल्ली काढा, बॉनेट उघडा, दहाचा पाना घ्या आणि बॅटरीचं मायनस टर्मिनल सोडवून बाजूला करा. या क्षणी गाडी खरोखर शांत झाली.

दाराचं पॅड लोखंडी स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका. प्लास्टिकची पट्टी घ्या, खालच्या कोपऱ्यातून सावकाश सरकवा. एक क्लिप सुटल्याचा आवाज होईल, मग दुसरीचा. प्रत्येक आवाजानंतर थांबा. पॅडच्या मागे काचेच्या बटणांची वायर आहे. झटका दिला तर तीच तुटते. पिवळा कपलर दिसला तर त्याला हात लावू नका, तो एअरबॅगचा असतो.

बटणांची वायर सोडवली, पॅड निघालं. आता त्या तारेकडे बघा.

दोनच बारीक तारा आहेत, रंगीत, पेन्सिलीच्या शिशाहून फारशा जाड नाहीत. त्या स्टिरिओपासून निघाल्या, डॅशबोर्डच्या आतून आल्या, बिजागऱ्यांजवळच्या रबरी नळीतून दारात उतरल्या. दार जितक्या वेळा उघडतं तितक्या वेळा त्या नळीत त्या वाकतात आणि पुन्हा सरळ होतात. मुलांना शाळेत सोडताना, पेट्रोल भरताना, रात्री कुणीतरी दार नीट लागलं नाही म्हणून पुन्हा आपटताना. आजवर त्या तुटल्या नाहीत. हे ज्याने योजलं आणि ज्या हातांनी ही तार ओवली, त्यांना आपण कधी पाहिलेलं नाही. त्यांच्या कामावर आपण आज आपलं काम चढवतो आहोत. मन क्षणभर तिथे टेकवा.

माझ्या आधीच्या गाडीत त्या तारेची अशी कदर झाली नव्हती. दुकानात स्पीकर बसवून घेतले, आणि बसवणाऱ्याने कपलर कापून टाकला, तारा नुसत्या पिळल्या, वर काळी टेप गुंडाळली. पहिला पावसाळा गेला आणि डाव्या दारातून खरखर सुरू झाली. पॅड उघडलं तर टेप चिकट होऊन सुटली होती आणि तांबं हिरवं पडलं होतं. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात ताक कळकतं ना, ते आठवलं. तेवढीच तार पुन्हा कापावी लागली, आणि प्रत्येक कापणीत ती बोटभर आखूड होत गेली. शेवटी ती स्पीकरपर्यंत पोहोचेना. म्हणून सांगतो : तुमच्या मॉडेलचा जोड-कपलर मिळतो. एका टोकाला कंपनीच्या कपलरमध्ये बसणारं तोंड, दुसऱ्या टोकाला नव्या स्पीकरच्या पट्ट्यांवर चढणाऱ्या क्लिपा. दुकानात तो मागून घ्या. नाही म्हणाले तर दुसरं दुकान बघा.

एक आकडा पाहून घ्या. स्पीकरच्या पाठीवर ओहम लिहिलेला असतो, गाड्यांत बहुधा ४. स्टिरिओ ४ ओहमसाठी बनलेला असेल आणि तुम्ही २ ओहमचा स्पीकर जोडलात, तर त्याच व्होल्टेजला दुप्पट करंट खेचला जातो. स्टिरिओ तापतो.

आता सगळ्यात सावकाश करायचं काम. इथे घाई अजिबात नको.

जुना स्पीकर कपलरमधून सोडवा आणि मांडीवर घ्या. भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल आणा, दोन छोट्या तारा त्याच्या टोकांना धरा. स्पीकरच्या दोन टोकांना त्या क्षणभरच टेकवा. पडदा बघा. बाहेर आला? मग सेलचं प्लस जिथे टेकलं, तेच स्पीकरचं प्लस. आत गेला? मग उलट. त्या टोकासमोर कपलरमधली कोणत्या रंगाची तार येत होती ते पाहा आणि तिच्यावर टेपचा तुकडा लावून प्लसची खूण करा. दोन्ही दारांना हीच तपासणी. नव्या स्पीकरची प्लसची पट्टी बहुतेक वेळा रुंद असते, मायनसची अरुंद; तरी त्यालाही सेल टेकवून पाहाच.

पडद्याची ती हालचाल जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. पण तिच्यातच सगळं आहे. एका दारात प्लस-मायनस उलटं लागलं, की एक पडदा हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. खालच्या सुरांची लाट लांब असते. १०० हर्ट्झची लाट सुमारे ३.४ मीटर, म्हणजे गाडीच्या रुंदीहून मोठी. दोन्ही दारांतल्या लाटा जवळजवळ एकाच वेळी कानाशी येतात आणि एकमेकींना पुसून टाकतात. वरच्या सुरांच्या लाटा काही सेंटिमीटरच्या, त्या इतक्या नीट जुळत नाहीत, म्हणून पुसल्याही जात नाहीत. मग चाटीवरचा बोल स्वच्छ ऐकू येतो आणि डग्गा हरवतो. माणूस स्पीकरला दोष देतो, वर ॲम्प्लिफायरचा खर्च करतो. स्पीकर तर चांगलाच असतो.

गवयाच्या मागे दोन तानपुरे असतात. दोन्ही उत्तम असले तरी एकमेकांशी जुळल्याशिवाय गवई तोंड उघडत नाही.

आता जोडा. क्लिप बोटाने दाबा, हलकेच ओढून पाहा, सुटत नाही ना. स्क्रू कोपऱ्या-कोपऱ्याने आवळा, एकदम एकच नको. दाराच्या पत्र्यावर जी प्लास्टिक शीट चिकटवलेली होती ती फेकू नका. पावसाचं पाणी काचेवरून ओघळून दाराच्या पोटात उतरतंच, आणि खालच्या छिद्रांतून बाहेर पडतं. ती शीट त्याला आतल्या पॅडपर्यंत येऊ देत नाही. कोकणात जून ते सप्टेंबर गाडी बाहेर उभी करणाऱ्यांनी तिचे कडेचे चिकट पट्टे विशेष जपावेत.

बटणांची वायर, पॅड, क्लिपा, बॅटरी. या क्रमाने परत.

आत बसा. मघाचंच गाणं, तेवढ्याच आवाजात. डग्गा शोधा. गाणारा कुठे बसला आहे ते शोधा. समोर मध्यावर असेल तर दोन्ही दारांचं जमलं. कुठेतरी पसरलेला, जागा नसलेला वाटला तर एक दार पुन्हा उघडा. फक्त क्लिपा अदलाबदल करायच्या आहेत, पाच मिनिटांचं काम.

जुने स्पीकर वर्तमानपत्रात गुंडाळा, वर डावा-उजवा लिहा आणि माळ्यावर ठेवा. गाडी विकायची वेळ येईल तेव्हा जोड-कपलर काढा आणि ते परत जागेवर बसवा. कंपनीचा कपलर तिथेच असेल.