स्वकर्माची फुलं आणि सुरुंगांची जमीन



आजचं वाचन : गीता, अध्याय १८, श्लोक ४५ आणि ४६. भगवंत सांगतात की आपापल्या कामात रमलेला माणूस सिद्धीला पोचतो, आणि ज्याच्यापासून हे सगळं निर्माण झालं त्याची पूजा तो आपल्या कामानेच करतो. (आधीच्या श्लोकांत वर्णांची कामं येतात, म्हणून बरेच जण इथे घाईघाईने पान उलटतात. मी म्हणेन, थांबा जरा. आपलं काम ठरवतं कोण, हा प्रश्न इथेच आहे.)

काहींचं काम युद्ध ठरवतं. श्रीलंकेत १९८३ ते २००९ यादवी युद्ध चाललं. उत्तरेला, जाफनाच्या वाटेवर मुहमालै नावाचा भाग आहे. शेवटची कित्येक वर्षं लढाईची आघाडी तिथेच होती, त्यामुळे ती जमीन सुरुंगांनी भरून गेली. ते काढायला हॅलो ट्रस्टसारख्या संस्थांनी तिथल्याच लोकांना कामावर घेतलं. त्यात बायका पुष्कळ. कोणाचा नवरा युद्धात गेलेला, कोणाचा बेपत्ता. घर चालवणारी तीच.

काम म्हणजे काय, तर आखून दिलेली एक अरुंद पट्टी. अंगात जड संरक्षक जाकीट, तोंडासमोर जाड पारदर्शक पडदा, वरून तिथलं ऊन. माती अगदी थोडी थोडी ओढून मोकळी करायची. कित्येकदा हाती लागतो तो नुसता गंजका पत्रा, पण तोही सुरुंग समजूनच उकरायचा. संध्याकाळी दाखवायला काय? थोडीशी रिकामी जमीन. उद्या तिथे कोणी नारळ लावेल, पोरं पळतील, आणि काहीच होणार नाही. ते 'काहीच न होणं' हेच तिच्या कामाचं फळ.

आपण जॉब सॅटिस्फॅक्शन म्हणतो तेव्हा विचारतो, मला काय मिळालं? माऊली या श्लोकावर लिहिताना स्वकर्माला फुलं म्हणतात. ती वाहिली की सर्वात्मक ईश्वर संतोषतो. म्हणजे बघा, समाधान आहे, पण ते आधी त्याचं. मुहमालैच्या मातीत मला हे थोडं कळतं. ती पट्टी जिच्या हातून साफ झाली तिला तिथे चालणारा कदाचित कधी ओळखणारही नाही.

पण इथे एक धोका आहे, आणि तो आपल्यासारख्या भाविकांकडूनच जास्त. 'फळाची आशा नको' हे भगवंतांनी अर्जुनाला सांगितलं, त्याच्या स्वतःच्या मनाबद्दल. ते उचलून आपण त्या बाईला ऐकवायला लागलो, की बाई, तुझं काम किती थोर, पगाराचं काय घेऊन बसलीस, तर तो निष्काम कर्मयोग नव्हे, सरळ निर्दयपणा आहे. निष्काम व्हायचं ते मी माझ्यापुरतं. दुसऱ्याची मजुरी, त्याची सुरक्षा, त्याच्या लेकरांची शाळा यात मी सकामच असायला हवं. आणि तिने हे काम आवडीने निवडलं की चूल पेटावी म्हणून पत्करलं, हे आपण परस्पर ठरवू नये. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. पोटासाठी घेतलेल्या कामात मन लागतं, त्याचा अभिमानही वाटतो. आपल्या आयांकडे पाहिलंत तर हे पटेल.

मला अडवून ठेवते ती गोष्ट वेगळीच. श्रीलंका २०१७ मध्ये सुरुंगबंदीच्या ओटावा करारात सामील झाली आणि जमीन साफ करायला २०२८ ची मुदत आहे. म्हणजे ही माणसं जितकं चोख काम करतील तितकी त्यांची नोकरी लवकर संपणार. शेवटचा सुरुंग निघाला की सगळे सुटकेचा श्वास सोडतील, आणि तिने मात्र दुसरं काम शोधायचं. युद्धाने नवरा नेला, शांतता पगार नेणार. तेव्हा तिच्या हाताला कोणतं काम असेल, हे सांगायची जबाबदारी कोणाची? त्या साफ जमिनीवर उद्या जे घर बांधतील, त्यांची? देशाची? लांब बसून श्लोक वाचणाऱ्या आपली काहीच नाही का?

या प्रश्नाचं उत्तर मला श्लोकात मिळालेलं नाही. तुम्हाला दिसलं तर नक्की लिहा. उद्या श्लोक ४७.