संशय म्हणजे निकाल नव्हे

माळेगाव बुद्रुकला आमच्या घरात 'रिपोर्ट आला' म्हणजे निकाल लागला. काकूंच्या स्तनात गाठ लागली म्हणून बारामतीत मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी केली. रिपोर्टवर होतं : बायरॅड्स ४, संशयास्पद, बायोप्सी करावी. घरानं त्यातून एकच शब्द काढला, कॅन्सर. पुढचे आठ दिवस काकू स्वयंपाक करत होत्या आणि बाहेरच्या खोलीत त्यांच्यामागे मुलांचं कसं होणार, याची चर्चा चालली होती.

सुईनं काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत निघाला स्तनाचा टीबी. उपचार, सहा महिने गोळ्या.

मला वाटलं, फोटो चुकला. मग वाचलं. हा आजार अ‍ॅस्टली कूपर या इंग्रज सर्जननं १८२९ मध्ये नोंदवला, एक्स-रेच्या शोधाआधी ६६ वर्षं. वेड्यावाकड्या कडांची गाठ, ओढलेली त्वचा, काखेतल्या सुजलेल्या गाठी : फोटोत तो हुबेहूब कॅन्सरसारखा दिसू शकतो. फोटोत आकार दिसतो, कारण दिसत नाही. आणि बायरॅड्स ४ म्हणजे कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांहून जास्त, ९५ हून कमी. एवढ्या मोठ्या पट्ट्याला आम्ही १०० समजून बसलो.

मी सॉफ्टवेअरवाला. फोटो ओळखणाऱ्या मॉडेलला 'साधी गाठ' आणि 'कॅन्सर' असे दोनच खण दिले, तर टीबीचा फोटोही ते त्यातल्याच एका खणात टाकतं, वर ठामपणे टक्केवारी सांगतं. 'माहीत नाही' हा खण कुणीतरी मुद्दाम बनवावा लागतो. रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांनी तो ठेवला होता. आम्ही तो पुसला.

चुलतभाऊ म्हणाला, "आईला सांगायलाच नको होतं." मला ते पटत नाही. संशय लपवला असता तर बायोप्सी कशाला झाली असती? आणि खरंच कॅन्सर असता तर? संशय सांगणं हे डॉक्टरांचं कर्तव्य. पण त्याला संशयच राहू देणं, हे ऐकणाऱ्याचं कर्तव्य नाही का? न कळण्याचे आठ दिवस सोसवेनात, म्हणून आम्ही वाईट का होईना, पण पक्कं उत्तर धरलं. त्याची किंमत काकूंनी मोजली.

आता गोळ्या चालू आहेत. शेजारी विचारतात तेव्हा आई सांगते, "साधी गाठ होती." सिद्ध न झालेला कॅन्सर आम्ही गल्लीभर सांगितला. सिद्ध झालेला, बरा होणारा टीबी मात्र लपवतोय.

परवा काकू म्हणाल्या, "तुम्ही सगळे एकमेकांशी बोललात. माझ्याशी कोण बोललं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.