फळाची आशा आणि शाळेची सुधारणा

शाळा सुधारण्याचे काम कधीच संपत नाही. मग त्याचे नेतृत्व करणाऱ्या मुख्याध्यापकाने फळाची आशा धरावी का? नंदुरबार जिल्ह्याचे उदाहरण घ्या. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता सुमारे ८२ टक्के होती, नंदुरबारची ६४. तिथल्या अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यावरचे मूल घरी पावरी किंवा भिली बोलते, पुस्तक मात्र मराठी. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गुजरातेत गेले की अनेकदा तेही जाते. परतल्यावर जोडाक्षरे पुन्हा पहिल्यापासून. अशा ठिकाणी एका वर्षाच्या निकालावर जीव टांगणारा थकतो, नाहीतर आकडे फुगवतो. म्हणूनच गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला लोकसंग्रहाचा, म्हणजे आसक्ती न ठेवता लोकांच्या हितासाठी काम करत राहण्याचा, विचार मला इथे अगदी व्यवहाराचा वाटतो.

यावरचा आक्षेप रास्त आहे: फळावरची नजर काढली तर ढिलाई येईल, आणि ती आदिवासी मुलांनाच भोवेल. पण गीता आसक्ती सोडायला सांगते, दक्षता नव्हे. चाचणी घ्यायचीच, पण उद्याचा धडा ठरवण्यासाठी. स्वतःची पाठ थोपटून घ्यायला नव्हे. नर्मदाकाठी चिमलखेडीत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आदिवासी मुलांसाठी जीवनशाळा उभी राहिली, तेव्हा गावच धरणाच्या बुडिताच्या छायेत होते. यशाची हमी आधी मागितली असती, तर तिथे पहिला वर्गही भरला नसता.